मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढायचा

पहिल्यांदा अमेरिकेला निघालेल्या माणसाचे दोनच प्रश्न असतात: किती लांब आहे, आणि किती तास बसायचंय? इंटरनेटवर दोन्हींची उत्तरं क्षणात मिळतात. पंचाईत अशी, की ती एकमेकांशी जुळत नाहीत. एके ठिकाणी अंतर १२,५३० दिसतं, दुसरीकडे ७,७९०, तिसरीकडे ६,७७०. वेळेचंही तेच. कुठे चौदा तास लिहिलेले असतात, कुठे सोळा, आणि तिकिटावरच्या सुटण्या-पोचण्याच्या वेळांची सरळ वजाबाकी केली तर साडेपाचच तास येतात! यातला एकही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा वेगळ्याच गोष्टीचा आहे, आणि कुठला कशाचा हे कोणी सांगत नाही.

म्हणून इथे मुंबई-न्यूयॉर्क ही एकच जोडी धरून सगळा हिशोब पहिल्यापासून केला आहे. रीत एकदा हातात बसली की लंडन, टोरांटो, सिडनी, कुठलीही जोडी घ्या. दहावीचं गणित पुरतं. ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी दोऱ्याची सोय आहे.

पायरी १: शहर सोडा, विमानतळ धरा

अंतर दोन शहरांमधलं नसतं, दोन विमानतळांमधलं असतं. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो आणि तिकिटावर तोच खरा. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ म्हणजे बीओएम. पण २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय आणि त्याचा कोड एनएमआय आहे. तिकीट काढताना ही अक्षरं नीट वाचा. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर मध्ये अख्खी खाडी आणि तिच्यावरची वाहतूक आहे. गोव्याचंही तसंच: दाबोळी म्हणजे जीओआय, मोपा म्हणजे जीओएक्स. एक दक्षिणेला, एक पार उत्तरेला.

न्यूयॉर्कला तर तीन मोठे विमानतळ आहेत. जेएफके शहराच्या क्वीन्स भागात. न्यूअर्क, कोड ईडब्ल्यूआर, नदीपलीकडे न्यू जर्सी राज्यात. तिसरा लाग्वार्डिया, तो मुख्यतः देशांतर्गत विमानांसाठी. आपली बरीच मंडळी राहतात ती न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास. त्यांच्या घरी जायचं असेल तर न्यूअर्क कितीतरी सोयीचं. जेएफकेचं तिकीट पाच हजारांनी स्वस्त मिळालं म्हणून घेतलं, आणि मग टॅक्सीला त्याहून जास्त घातले, हा प्रकार घरोघरी झालेला असतो. आकाशातल्या अंतरात मात्र या दोघांमुळे फारसा फरक पडत नाही.

नावाच्या घोटाळ्यापासूनही जपा. हैदराबाद सिंधमध्येही आहे, बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे तसं अमेरिकेच्या अलाबामातही आहे, आणि सॅन होझे कॅलिफोर्नियात आहे तसं कोस्टा रिकातही. शहराचं नाव टाकून अंतर शोधलं की यंत्र आपल्या मनाने एक निवडतं.

पायरी २: अंतर काढा

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तानचं वाळवंट, इजिप्त, लिबिया, अल्जिरिया, मोरोक्को असं करत अटलांटिक ओलांडते. या रेघेने गेलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील. विमान या रेघेने जात नाही. पृथ्वी गोल, नकाशा सपाट, आणि सपाट करताना उत्तरेकडचा भाग ताणला जातो. त्यामुळे जी रेघ कागदावर सरळ दिसते ती जमिनीवर वळसा असते, आणि जी कागदावर कमान दिसते तीच खरी जवळची.

खात्री करायची असेल तर घरातला पृथ्वीचा गोल काढा. मुलांच्या कपाटावर धूळ खात पडलेला चालेल. एक दोरा मुंबईवर धरा, दुसरं टोक न्यूयॉर्कवर, आणि ताणा. दोरा आपोआप उत्तरेला सरकतो. सौराष्ट्र, कच्छ, सिंध, कंदाहारच्या जवळून तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, जवळजवळ मॉस्कोवरून, सेंट पीटर्सबर्गजवळून फिनलंड, नॉर्वेचं ट्रॉनहाइम, मग आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडाचा पूर्व किनारा, आणि तिथून खाली उतरत न्यूयॉर्क. मुंबईहून निघालेला माणूस आइसलंडवरून न्यूयॉर्कला जातो हे पहिल्यांदा पाहिलं की कोणालाही चमत्कारिक वाटतं. पण दोरा खोटं बोलत नाही. गोलाचा व्यास ३० सेंटीमीटर असेल तर दोरा साधारण साडेएकोणतीस सेंटीमीटर भरेल, आणि अशा गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. गुणाकार करून पाहा. या जवळच्या वाटेला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात.

आता आकड्यांनी. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश लागतात, ते कुठल्याही नकाशाच्या ॲपवर मिळतात. मुंबई: १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. जेएफके: ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला असल्यामुळे रेखांशांची बेरीज करायची: १४६.६५. दोन्ही एकाच बाजूला असते तर वजाबाकी केली असती. नवखे इथेच चुकतात.

मोबाइल आडवा करून कॅल्क्युलेटर उघडा आणि तो डिग्रीवर आहे ना, हे आधी पाहा. रेडियनवर राहिला तर उत्तर भलतंच येईल.

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७० गुणिले ०.६५१३, म्हणजे ०.२१३०.

दोन्ही अक्षांशांचे कॉस आणि रेखांशातल्या फरकाचा कॉस, तिघांचा गुणाकार: ०.९४५० गुणिले ०.७५८८ गुणिले उणे ०.८३५३, म्हणजे उणे ०.५९९०.

दोन्हींची बेरीज उणे ०.३८६०. याचा उलटा कॉस (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) काढला की ११२.७ अंश मिळतात. पृथ्वीवर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. गुणाकार केला की १२,५३० च्या आसपास. झालं.

हेच किलोमीटर मैलांत मोजले तर सुमारे ७,७९०, आणि नॉटिकल मैलांत सुमारे ६,७७०. वैमानिक आणि त्यांची कागदपत्रं नॉटिकल मैलांत बोलतात, कारण अंशाचा साठावा भाग म्हणजे एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर. सुरुवातीला जे तीन आकडे भांडत होते, ते हे. इंटरनेटवर आकडा वाचताना एकक वाचायची सवय लावून घ्या.

हे सगळं करायचा कंटाळा असेल तर ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट आहे. तीन अक्षरी दोन कोड टाकले की रेघ आणि अंतर दोन्ही येतं. गूगल अर्थवरच्या मोजपट्टीनेही होतं. तरी एकदा तरी हाताने करून पाहा, म्हणजे साइटचं उत्तर चुकलं तर तुमच्या लक्षात येईल.

लक्षात ठेवायला एक माप: पृथ्वीवरचे कुठलेही दोन बिंदू एकमेकांपासून साधारण २०,००० किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाहीत. सिंगापूर ते न्यूयॉर्क हा जगातल्या सर्वांत लांब विनाथांबा मार्गांपैकी एक, तो १५,३०० किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्याला अठरा तासांहून जास्त लागतात. आपला मार्ग त्याच्या खालच्या रांगेतला, पण लहान मुळीच नाही.

पायरी ३: अंतराचे तास करा

मोठी विमानं, म्हणजे बोइंग ७७७, ७८७ किंवा एअरबस ए-३५०, वर गेल्यावर हवेत ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जातात. १२,५३० भागिले ९०० म्हणजे १३ तास ५५ मिनिटं. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याची साधारण अर्धा तास भर घाला: १४ तास २५ मिनिटं. ‘अंतर आणि वेळ’ सांगणाऱ्या साइट सहसा इथेच थांबतात.

एअरलाइनचं वेळापत्रक मात्र गेटपासून गेटपर्यंत मोजलेलं असतं. मुंबईत विमान गेटवरून मागे ढकललं गेलं की घड्याळ सुरू, आणि जेएफकेला गेटशी लागलं की बंद. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, उतरल्यावर मोकळ्या गेटची वाट पाहणं, हे सगळं त्यात आलं. दोन्ही टोकं गर्दीची असल्यामुळे आणखी अर्धा तास धरा. म्हणजे १४ तास ५५ मिनिटं, तेही वारा नसेल आणि वाट सरळ असेल तर. दोन्ही गोष्टी कधी नसतात.

पायरी ४: वाट आणि वारा

हा भाग सगळ्यांत रंजक आहे आणि साइटवाले नेमका हाच गाळतात.

आधी वाट. दोऱ्याने दाखवलेली वाट सिंध, अफगाणिस्तान आणि रशियावरून जाते. २०२५ च्या एप्रिलमध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय एअरलाइन्सना बंद केलं. २०१९ मध्येही काही महिने तसं झालं होतं. रशियाने २०२२ मध्ये युरोप, अमेरिका आणि कॅनडाच्या एअरलाइन्सना आकाश बंद केलं, भारतीय एअरलाइन्सना केलं नाही. म्हणजे एकाच जोडीसाठी विमान कोणत्या देशाचं आहे यावर वाट बदलते. दिल्लीकरांना याचा फटका जास्त बसला. २०२५ मध्ये दिल्लीहून अमेरिकेकडे निघालेल्या काही विमानांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावं लागत होतं. मुंबईहून निघालेलं विमान तसंही अरबी समुद्रावरून पश्चिमेला जाऊन आखात आणि युरोपची वाट धरू शकतं, म्हणून आपला वळसा लहान. आखातात तणाव वाढला की तीही वाट वाकडी होते.

हिशोबासाठी सरळ अंतरावर चार टक्के चढवा. ५०० किलोमीटर, म्हणजे ३३ मिनिटं. आकाश बंद असल्याच्या बातम्या असतील तर याहून जास्त धरा.

आता वारा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार प्रवाह वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. जाताना आपण या वाऱ्याला तोंड देत जातो, येताना तोच पाठीशी असतो. पूर्ण वाटेवर सरासरी ५० किलोमीटरचा विरोधी वारा धरला तर ९०० चे ८५० उरतात आणि उड्डाणाची जवळजवळ ५० मिनिटं वाढतात. येताना ६० चा साथीचा वारा मिळाला तर वेग ९६० होतो आणि तितकीच मिनिटं वाचतात. म्हणून जाण्याचा आणि येण्याचा वेळ कधी सारखा नसतो. जाताना पंधरा ते साडेसोळा तास, येताना चौदा-साडेचौदा, असा अंदाज डोक्यात ठेवा.

वारा किती जोरात असू शकतो? २०२४ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनहून लंडनला निघालेल्या एका प्रवासी विमानाचा जमिनीच्या हिशोबाने वेग ताशी सुमारे १,२९० किलोमीटरवर गेला होता. तरी त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण विमानाभोवतीची हवाच त्याच्यासोबत पळत होती. असा वारा साथीला असला तर उत्तम. समोरून आला तर वैमानिक त्याला टाळून लांबची वाट घेतात, कारण लांबची वाट लवकरची ठरते. म्हणूनच युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्यामधल्या अटलांटिकवरच्या वाटा रोज नव्याने आखल्या जातात: दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी, रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी. आज तुमचं विमान आइसलंडच्या वरून गेलं आणि उद्या शेजाऱ्यांचं आयर्लंडवरून गेलं तर कोणीही वाट चुकलेलं नाही.

आता एक सोपी पडताळणी. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर तुमच्या विमानाचा क्रमांक टाका. मागच्या काही दिवसांत तेच विमान खरोखर किती वाजता उडालं आणि किती वाजता टेकलं ते दिसतं. सगळ्यांत चांगला दिवस निवडून त्यावर बेत आखू नका. मधला दिवस धरा. शक्यतो त्याच ऋतूतला धरा, जुलैचे आकडे जानेवारीला उपयोगी नाहीत.

विमानात बसल्यावर समोरच्या पडद्यावर नकाशा असतो, तिथेही हा खेळ करता येतो. ‘ग्राउंड स्पीड’ ८३० दिसला तर वारा तोंडावर आहे, ९६० दिसला तर पाठीशी. उरलेलं अंतर भागिले हा वेग, आणि वर वीस-पंचवीस मिनिटं. पडद्यावरचा पोचायचा वेळ आणि तुमचा वेळ किती जुळतो ते पाहा. पंधरा तासांत करमणुकीची गरज असतेच.

पायरी ५: तिकिटावरची दोन घड्याळं

तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची असते आणि पोचण्याची न्यूयॉर्कची. म्हणून सरळ वजाबाकी चालत नाही.

भारताची वेळ जागतिक वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे, बारा महिने. न्यूयॉर्कची हिवाळ्यात पाच तास मागे आणि उन्हाळ्यात चार तास मागे, कारण तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. म्हणजे आपल्यात आणि त्यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा.

समजा तिकिटावर लिहिलंय: मुंबई ०२:००, जेएफके ०७:३०, तारीख १० जुलै. दोन्ही वेळा यूटीसीत आणा. मुंबईचे पहाटेचे २ म्हणजे आदल्या दिवशीचे, ९ जुलैचे, रात्री साडेआठ. न्यूयॉर्कचे सकाळचे साडेसात म्हणजे १० जुलैचे साडेअकरा. मधले तास मोजा: पंधरा. हीच वेळ डिसेंबरच्या तिकिटावर असती तर सोळा आले असते. छापलेली वेळ तीच, पण खुर्चीत एक तास जास्त.

परतीचं: जेएफकेहून दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबई. बघणाऱ्याला वाटतं चोवीस तास. उन्हाळ्यात त्यातले साडेनऊ वजा करा, उरले साडेचौदा. पोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरात ‘+१’ असतो तो याच दुसऱ्या दिवसाचा. घ्यायला येणाऱ्याने तो पाहिला नाही तर माणूस एक दिवस आधीच विमानतळावर हजर होतो.

अमेरिकेतल्या मुलीला आता फोन करावा का, हे ठरवायला सोपी युक्ती आहे. आपल्या घड्याळातले सकाळ-संध्याकाळ उलटे करा आणि उन्हाळ्यात अडीच तास, हिवाळ्यात दीड तास मिळवा. इथे रात्रीचे ८, तर तिथे सकाळचे ८ अधिक अडीच, म्हणजे साडेदहा. हिवाळ्यात साडेनऊ.

आता सगळ्यांत महाग पडणारी चूक. अमेरिकेची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ‘सोमवार, ००:४५’ असेल तर घरातून रविवारी संध्याकाळी निघायचंय. आपल्या बोलण्यात ती ‘रविवारची रात्र’च असते. पंचांगातही वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे आपलं मन मध्यरात्रीची तारीख मानायलाच तयार नसतं. पण एअरलाइनची तारीख बाराच्या ठोक्याला बदलते. सोमवारी रात्री बॅगा घेऊन विमानतळावर पोचलेल्या माणसाचं विमान तोवर उडून, उतरून, परतीच्या तयारीलाही लागलेलं असतं. तिकीट हातात आलं की कालनिर्णयवर आदल्या दिवसाच्या चौकोनात ‘संध्याकाळी निघणे’ असं लिहून टाका. मुलांनी अमेरिकेतून ‘८/७’ असं कळवलं तर ते ८ जुलै की ७ ऑगस्ट, हेही विचारून घ्या. तिकडे महिना आधी लिहितात.

पायरी ६: मध्ये थांबा असेल तर

लोक म्हणतात, दुबईवरून गेलं की लांब पडतं. मोजून पाहू. मुंबई-दुबई सुमारे १,९३०, दुबई-जेएफके सुमारे ११,०००. बेरीज १२,९३०. सरळ वाटेपेक्षा जेमतेम ४०० जास्त. लंडनवरून गेलं तर ७,२१० अधिक ५,५४०, म्हणजे १२,७५०, फक्त २२० जास्त. कारण ही दोन्ही शहरं दोऱ्यापासून फार लांब नाहीत. याउलट सिंगापूरवरून गेलं तर १९,००० च्या पुढे. स्वस्त दिसणारं तिकीट खरंच स्वस्त आहे का, हे या बेरजेवरून पटकन कळतं.

तेव्हा एका थांब्याच्या प्रवासात जास्त वेळ जातो तो अंतराने नव्हे, थांब्याने आणि दोनदा चढण्या-उतरण्याने. लंडनमार्गे साडेनऊ-दहा तास, मध्ये तीन, मग आठ: एकवीस तास धरा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना मध्ये तीन तास पाय मोकळे करायला मिळणं हा मी तोटा मानत नाही. साठीच्या पुढच्या जोडप्याला मी तरी थांब्याचं तिकीट आधी सुचवेन, पण थांबा अडीच ते चार तासांचा हवा. दीड तासाचा थांबा कागदावर चालतो. मोठ्या विमानतळावर पुन्हा सुरक्षा तपासणी, टर्मिनल बदलायची बस आणि लांबलचक चालणं यांत तो संपतो.

तीन गोष्टी तपासा. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर आहेत का? असतील तर पहिलं उशिरा पोचल्यावर पुढची सोय करणं एअरलाइनकडे येतं. वेगवेगळी तिकिटं असतील तर तुमचं तुम्ही. दुसरं, अमेरिकेत शिकागो किंवा डॅलसला पुढे जायचं असेल तर इमिग्रेशन पहिल्या अमेरिकी विमानतळावरच होतं, आणि सहसा बॅगाही तिथेच उचलून पुन्हा द्याव्या लागतात. त्या थांब्याला तीन तास तरी ठेवा. अबू धाबी हा एक अपवाद: तिथे अमेरिकेची तपासणी उड्डाणाआधीच होते आणि पुढे तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. तिसरं, मार्चमध्ये प्रवास असेल तर सावध. अमेरिका घड्याळ आधी पुढे करते, ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन-न्यूयॉर्कमधला फरक पाचऐवजी चार तासांचा असतो.

पायरी ७: दारापासून दारापर्यंत

विमानाचे पंधरा तास म्हणजे प्रवासाचे पंधरा तास नव्हेत. पुण्याहून निघणाऱ्या माणसाचा हिशोब मांडू, वरचंच जुलैचं तिकीट धरून.

विमान पहाटे २ ला. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी पोचायचं, म्हणजे रात्री ११. द्रुतगती मार्ग, घाट, पाऊस आणि मुंबईत शिरतानाची कोंडी धरून पाच तास. म्हणजे पुण्यातून संध्याकाळी ६ ला निघायचं. विमानापर्यंत आठ तास इथेच गेले. मग हवेतले आणि गेटचे पंधरा. जेएफकेला इमिग्रेशनची रांग आणि बॅगा यांना दोन तास धरा, पाऊण तासात सुटलात तर नशीब. पुढे एडिसनपर्यंत दीड तास. बेरीज साडेसव्वीस तास. पुण्याच्या घड्याळात तेव्हा दुसऱ्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ, एडिसनच्या स्वयंपाकघरात सकाळचे ११.

औषधांसाठी हाच हिशोब लागतो. ‘सकाळची गोळी’ ही भाषा विमानात निरुपयोगी होते, कारण कुठली सकाळ? दोन गोळ्यांमध्ये किती तास हवेत ते धरा आणि एक मनगटी घड्याळ न्यूयॉर्कपर्यंत भारताच्या वेळेवरच ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे डॉक्टरांना तिकीट दाखवूनच ठरवावं, अंदाजाने नको. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत कधीच नको. आणि दर दोन तासांनी उठून एक फेरी मारा.

उजेडाचीही तयारी ठेवा. डिसेंबरात पहाटे २ ला निघालेलं विमान रात्रीच्या सोबतीनेच पश्चिमेला जातं. जवळजवळ सगळ्या वाटेवर खिडकीबाहेर काळोख, आणि न्यूयॉर्कला टेकताना उजाडतं. सोळा तासांची सलग रात्र. जुलैत उलट: उत्तरेकडे रात्र लहान, आणि शेजाऱ्याने खिडकीची झडप वर केली की डोळ्यांवर ऊन. डोळ्यांवरची पट्टी सोबत असू द्या.

शेवटी, घ्यायला येणाऱ्यांना तिकिटाचा फोटो पाठवून थांबू नका. तीनच गोष्टी लिहून पाठवा: विमानाचा क्रमांक, विमानतळाचं नाव टर्मिनलसकट, आणि तिथल्या स्थानिक वेळेनुसार पोचायची तारीख-वेळ. विमानाच्या क्रमांकावरून ते ॲपवर स्वतः पाहू शकतात आणि विमान टेकल्यानंतर घरातून निघाले तरी चालतं, कारण तुम्ही बाहेर यायला आणखी तास-दीड तास आहे. परतीला मुंबईत गाडी बोलावताना मात्र ड्रायव्हरला तारीख आणि वार दोन्ही सांगा, ‘+१’ धरून.